दोन हजार फूट केबल, साडेसातची मोटर आणि दोन वर्षांत तीनदा जळालेलं वायंडिंग

माळरान (शनिवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. मी नोकरीला पुण्यात, शेती बार्शी तालुक्यात, बघतात वडील. डीपी (ट्रान्सफॉर्मर) आणि मीटरची पेटी रस्त्याच्या कडेला, विहीर पार खाली ओढ्याकाठी. मधलं अंतर मोजून दोन हजार फूट, म्हणजे ६०० मीटर. विहिरीत साडेसात हॉर्सपॉवरची सबमर्सिबल, थ्री फेज. केबल अ‍ॅल्युमिनियमची, सहाची (सहा चौरस मिलिमीटरची), २०११ साली टाकलेली. तेव्हा मोटर तीनची होती. पाणी खाली गेलं तशी मोटर वाढली, केबल तीच राहिली.

दोन वर्षांत मोटर तीनदा भरून आणली, म्हणजे वायंडिंग नवं घातलं. वायंडिंगवाला म्हणतो व्होल्टेज कमी, लाईनमन म्हणतो डीपीवर व्होल्टेज एकदम ओके, शेजारी म्हणतो वास्तुदोष. मीटरजवळ २० अँपिअरची एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) आहे. मोटर चालू करताना ती अधूनमधून पडते, उन्हाळ्यात तर रोज. वडिलांचं म्हणणं, "६३ ची लाव, एकदाची कटकट मिटंल."

प्रश्न दोन. केबल कितीची टाकू? आणि एमसीबी कितीची लावू? माझं इंजिनिअरिंग कॉम्प्युटरचं, त्यामुळे घरात माझ्या शब्दाला किंमत शून्य.

चहाटळ (९:५२)

वास्तुदोषवाल्या शेजाऱ्याची मोटर कितीची आहे आणि तिची केबल कुठून जाते, ते आधी बघा. :)

गुंडाळीवाला (१०:१५)

आमचं मोटर भरायचं दुकान आहे, वीस वर्षं झाली. जळाली जळाली सगळेच म्हणतात, पण कशी जळाली ते मोटर उघडली की दिसतं. तुमच्या माणसाला विचारा, तिन्ही फेजच्या कॉइल गेल्या होत्या की काही शाबूत होत्या?

स्टार जोडणीची (तिन्ही कॉइलची टोकं एका ठिकाणी जोडलेली) मोटर दोन फेजवर चालत राहिली तर दोन फेजच्या कॉइल जातात आणि एक नव्यासारखी राहते. डेल्टा (कॉइल त्रिकोणात जोडलेल्या) असेल तर उलटं, एक जाते, दोन राहतात. तिन्ही सारख्या गेल्या असतील तर ओव्हरलोड, कमी व्होल्टेज, नाहीतर पाण्याविना चाललेली. सबमर्सिबलमध्ये वायरवर प्लास्टिक असतं, ते काळं पडण्याआधी वितळून एकमेकांना चिकटतं. त्यामुळे गिऱ्हाईक म्हणतं, "जळाल्यासारखी दिसत नाही, तुम्ही उगीच भरली." असल्या शंकेखोरांसाठी जुनी वायर पोत्यात भरून ठेवतो.

माळरान (१०:३१)

फोन केला. त्याला आठवतंय! पहिल्यांदा दोन फेज गेले होते, एक चांगला होता. पुढच्या दोन्ही वेळा तिन्ही.

गुंडाळीवाला (१०:३८)

मग चोर दोन आहेत. पहिल्या वेळी फेज गेला, नंतर व्होल्टेजनं मारलं. स्टार्टरचा ओव्हरलोड रिले (ठरवल्यापेक्षा जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा) कितीवर ठेवलाय? नव्वद टक्के ठिकाणी तो पेचकसानं शेवटापर्यंत फिरवलेला असतो. "पडू नये म्हणून."

माळरान (१०:४४)

वडिलांना विचारलं. उत्तर, "पडू नये म्हणून."

तीनफेज (रविवार, सकाळी ७:१०)

गणित करूनच टाकतो, म्हणजे वास्तुशास्त्राला वाव राहणार नाही.

सहाच्या अ‍ॅल्युमिनियमचा रोध किलोमीटरला ४.६१ ओहम. ६०० मीटरला २.७७ ओहम. साडेसातची मोटर साधारण १२ अँपिअर घेते, पॉवर फॅक्टर (करंटचा कामाला लागणारा हिस्सा) ०.८ धरू. तीन फेजमधली घट = १.७३ × १२ × २.७७ × ०.८ = ४६ व्होल्ट. डीपीवर पूर्ण ४१५ असले तरी विहिरीत ३७० पोचणार. आणि आपल्याकडे रब्बीत ४१५ कुठले!

हेच दहाच्या केबलला ३१ व्होल्ट, सोळाच्या केबलला १९, पंचविसाच्या केबलला १२. रोध २० अंशाला धरलाय. तापलेल्या केबलला हा आकडा आणखी वाढतो.

माझं मत, सोळाच्या खाली जाऊ नका. आणि कृपा करून आधी मोजा. टाँग टेस्टर (करंट-व्होल्टेज मोजायचा चिमटा) घ्या, मोटर चालू असताना मीटरजवळ आणि विहिरीजवळ तिन्ही फेजमधलं व्होल्टेज बघा. नवख्यानं उघड्या टर्मिनलला हात घालू नये, सोबत वायरमन असू द्या.

रानवारा (७:४५)

सोळाची कशाला, तांब्याची सहाची टाका ना. तांबं ते तांबं.

तीनफेज (८:०२)

@रानवारा, तांब्याची सहाची म्हणजे रोधाच्या हिशेबानं अ‍ॅल्युमिनियमची दहाची, किलोमीटरला ३.०८ ओहम. सोळाची बरोबरी करायला तांब्याची दहाची लागेल. ६०० मीटरला तिचा भाव विचारून या आणि मग बोलू.

उसाचा फड (८:२०)

तांब्याची केबल शेतात टाकणं म्हंजे चोराला पत्रिका पाठवणं. आमची ३०० फूट एका रात्रीत गेली. खांबापासनं विहिरीपर्यंत निस्तं टरफल ठेवलं होतं सोलून. चोर तिथंच बसून सोलत होता म्हणजे किती निवांत असंल बघा. अ‍ॅल्युमिनियमला कुणी इचारत नाय.

ज्वारीची भाकरी (८:२६)

टरफल ठेवलं हे बरं. आमच्याकडे स्टार्टरची पेटी नेली आणि त्यातला पालीचा सांगाडा तेवढा ठेवून गेले.

माळरान (दुपारी १:३०)

मोजलं. वडील, वायरमन आणि मी (व्हिडिओ कॉलवर).

मोटर बंद असताना मीटरजवळ तिन्ही ३९०. मोटर चालू केली की मीटरजवळ तिन्ही ३८०. विहिरीजवळ मोटर चालू असताना लाल-पिवळा ३३२, पिवळा-निळा ३२५, निळा-लाल ३२९. करंट साडेतेरा. म्हणजे लाईनमन खोटं बोलत नव्हता. व्होल्टेज खातेय आमचीच केबल.

स्वाती उपकेंद्र (२:१५)

@तीनफेज यांचं गणित ५२ व्होल्टची घट सांगतं (१२ च्या जागी साडेतेरा घातले की) आणि लाल-पिवळ्यात ती ४८ आलीये, म्हणजे जुळलं. पण माझं लक्ष दुसरीकडे गेलं. मीटरजवळ तिन्ही सारखे आणि विहिरीजवळ निळा ज्यात आहे ते दोन्ही कमी. केबल तिन्ही फेजना एकाच मापाची, मग निळ्यालाच जास्त घट का? वाटेत निळ्यात कुठेतरी कच्चा जॉइंट आहे. हिशेबानं अर्ध्या ओहमच्या आसपास. साडेतेराचा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे जवळजवळ ९० वॅट एका जॉइंटवर. मोटर तासभर चालवा, बंद करून मेन काढा आणि केबलवर जिथे जिथे टेप गुंडाळलीये तिथे जाऊन बघा.

आणखी एक हिशेब. तुमची केबल तीन तारांत मिळून तीन गुणिले साडेतेराचा वर्ग गुणिले २.७७ = १५०० वॅट खाते. दोन हॉर्सपॉवर. साडेसातची मोटर पाणी उपसते आणि शेजारी दोन हॉर्सपॉवरचा हीटर माती तापवतो.

चहाटळ (२:२०)

त्यात भुईमुगाच्या शेंगा भाजता येतील का?

रानवारा (२:३३)

पण साडेसातपर्यंतच्या पंपाला २०२४ पासून वीजबिल माफ आहे ना? मग १५०० वॅट गेले तर गेले. केबलला पैसे का घालायचे?

गुंडाळीवाला (२:५०)

वीज फुकट झाली, मोटर भरणं कुठं फुकट झालंय? खरं तर तुमचंच ऐकावं लोकांनी, माझी दोन पोरं त्यावर शिकतायत.

निवृत्त अभियंता (संध्याकाळी ५:०५)

मी वीज मंडळात १९७९ साली लागलो, तेव्हा एमएसईबी म्हणत. २००५ मध्ये तिच्या कंपन्या झाल्या, त्यानंतर काही वर्षांनी निवृत्त झालो. सगळे व्होल्टेजवर बोलत आहेत. माळरान यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणाचं लक्ष नाही आणि मला तो जास्त गंभीर वाटतो. वडिलांना ६३ ची एमसीबी लावू देऊ नका. का ते सांगतो.

समजा विहिरीच्या काठावर केबल सोलली आणि दोन फेज एकमेकांना भिडले. लोकांना वाटतं शॉर्ट सर्किट म्हणजे हजारो अँपिअर. १०० केव्हीएच्या डीपीच्या पायाशी तसं होतं. तिचा पूर्ण भाराचा करंट १३३ अँपिअर आणि इम्पिडन्स (आतला एकूण अडथळा) साडेचार टक्के, म्हणजे शॉर्टला जवळपास तीन हजार. पण तुमचा शॉर्ट ६०० मीटर लांब आहे. जायला २.७७ ओहम, यायला २.७७ ओहम. ३८० भागिले ५.५४, म्हणजे ६९ अँपिअर. संपलं. डीपी कितीही मोठी असली तरी यापेक्षा जास्त करंट त्या केबलमधून जाणारच नाही.

आता ६३ ची एमसीबी. तिच्यातलं चुंबक सी प्रकारात पाचपट ते दहापट करंटला ओढतं, म्हणजे ३१५ च्या पुढे. तिथे काही होणार नाही. उरली तापणारी पट्टी, जी जास्त करंटनं हळूहळू तापून वाकते आणि एमसीबी पाडते. ती तासाभरात पडण्याची खात्री १.४५ पटीला, म्हणजे ९१ अँपिअरला. ६९ ला ती पडेल असं कोणताही कारखाना लिहून देत नाही. तुमची सहाची केबल तीसेक अँपिअर सोसते, तिच्यातून ६९ वाहत राहतील आणि एमसीबी शांत बसलेली असेल. उसाच्या पाचटातून अशी केबल गेलेली असली तर काय होतं ते मी पाहिलेलं आहे. वर्णन करत नाही.

लांब केबल व्होल्टेज खाते हे सगळ्यांना कळतं, कारण मोटर जळते. तीच केबल संरक्षणही खाते, हे कळायला मात्र अपघात व्हावा लागतो.

माळरान (५:४०)

काका, दंडवत. हा प्रतिसाद वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवला. पाचटाच्या वाक्यावर गप्प झाले. मग म्हणाले, "मग आत्ता वीसची पडती ती का पडती?"

तीनफेज (६:२०)

वडिलांचा प्रश्न अगदी रास्त आहे. सांगतो.

साडेसातची मोटर थेट चालू केली तर सहापट, म्हणजे ७२ अँपिअर ओढते असं पुस्तकात असतं. तुमच्याकडे मात्र मध्ये केबल आहे. मोटरचा थांबलेल्या अवस्थेतला इम्पिडन्स आणि केबलचा रोध जोडला तर ढोबळ ४० अँपिअरच निघतात. ऐकायला बरं वाटतं, पण त्या क्षणी मोटरच्या टोकाला व्होल्टेज उरतं २३० च्या आसपास. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गानं घटतो, त्यामुळे जोर ३१ टक्के. मोटर कण्हत कण्हत वेग घेते. एका सेकंदाचं काम चार-पाच सेकंद चालतं, तेवढा वेळ ४० अँपिअर वाहतात आणि एमसीबीची पट्टी तापते. त्यात पत्र्याची पेटी बार्शीच्या मे महिन्यात उन्हात. एमसीबीचं माप ३० अंशाला ठरवलेलं असतं, पेटीत असतील ५५. म्हणून उन्हाळ्यात रोज पडते.

एमसीबी निर्दोष आहे हो. घरातली तीच एक खरं बोलतेय आणि तिलाच बदलायचं चाललंय.

ऑस्टिनकर (रात्री ८:१५)

मजेदार चर्चा. आमच्याकडे टेक्सासमध्ये चार-पाच घरांमागे खांबावर एक डबा टांगलेला असतो, २५ नाहीतर ३७.५ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर. खांबापर्यंत ७२०० व्होल्टची एकच तार येते, तिथून घरात १२०-०-१२०. लांब लघुदाब केबल हा प्रकारच नाही. आपल्याकडे असं का करत नाहीत? (इथे वादळात तो डबा उडाला की गल्लीत फटाका वाजल्यासारखा आवाज होतो, तेवढीच दिवाळी.)

स्वाती उपकेंद्र (८:४०)

करतात हो! एचव्हीडीएस नावानं २०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात हेच सुरू झालं, एक-दोन पंपांना मिळून एक छोटा ट्रान्सफॉर्मर. ११ हजार व्होल्टची लाईन पंपाजवळ न्यायची. साडेसातच्या मोटरला ११ केव्हीवर अर्धा अँपिअरही लागत नाही, मग घट कसली नि आकडा कसला टाकणार. पण ट्रान्सफॉर्मरला रिकामं बसूनही गाभ्यातला तोटा चोवीस तास असतो. आठ तासांच्या पंपासाठी शंभर डबे टांगायचे तर तोही हिशेब करावा लागतो. तुमच्याकडे घर दिवसभर वीज वापरतं, इथे शेत नाही.

उसाचा फड (८:५५)

आमच्याकडं एका ६३ च्या डीपीवर कागदावर अकरा मोटरी, अंधारात सोळा. लाईट आली की सगळ्यांचे ऑटो स्विच एकदम उचलत्यात. डीपी अशी हंबरती की म्हशी दावं तोडून पळत्यात. मग फ्यूज उडतो. फ्यूजच्या जागी कुणीतरी अ‍ॅल्युमिनियमच्या तारंचा तुकडा घालतो, जाड. मग फ्यूज नाय उडत, डीपी उडती. मग पंधरा दिवस सगळे मिळून आभाळाकडं बघायचं.

निवृत्त अभियंता (९:१०)

ऑटो स्विच आणि फ्यूजच्या जागी तार. निम्म्या डीपी याच दोघांनी मारल्या असं माझं नोकरीतलं मत आहे, आकडेवारी मागू नका. ६३ केव्हीएला पूर्ण भार ८४ अँपिअर. सोळा मोटरी एकाच सेकंदाला सहापट मागू लागल्या तर ती बिचारी काय करणार?

आणि एक हात जोडून सांगणं. डीपीवर स्वतः चढून फ्यूज घालू नका. एबी स्विच (डीपीच्या वरच्या ११ केव्ही लाईनचा स्विच) खाली ओढला म्हणजे लाईन मेली असं नसतं, तीनपैकी एक पातं गंजून अडकलेलं असतं आणि खालून दिसत नाही. दोन वायरमन माझ्या डोळ्यांसमोर गेले. दोघांनीही स्विच ओढलेला होता.

रानवारा (९:३०)

वाचून शांत झालो. काका, एक बाळबोध प्रश्न. कधी कधी गावात निम्म्या घरांत बल्ब मिणमिणतो आणि निम्म्या घरांत व्यवस्थित, तेव्हा नेमकं काय झालेलं असतं?

स्वाती उपकेंद्र (९:५०)

याचं उत्तर मला फार आवडतं, मी देते. :)

डीपीच्या लघुदाब बाजूचा एक फ्यूज गेला तर एक फेज पूर्ण मेलेला असतो, बाकी दोन ठणठणीत. पण वरचा, ११ केव्हीचा एक डीओ (ड्रॉप-आउट फ्यूज) उडाला तर गंमत होते. वरची जोडणी डेल्टा, खालची स्टार. एक तार गेली की डेल्टाच्या दोन गुंडाळ्या उरलेल्या दोन तारांमध्ये एकामागे एक लटकतात आणि व्होल्टेज निम्मं निम्मं वाटून घेतात. परिणाम, खाली एक फेज २४० आणि दोन फेज १२०-१२० च्या आसपास. त्या दोन फेजवरच्या घरांत बल्ब मिणमिणतो, फ्रिज गुरगुरतो आणि तापतो. अशा वेळी फ्रिज लगेच बंद करा.

म्हणून लाईनमनला फोन करताना "लाईट कमी आहे" एवढंच सांगू नका. "दोन फेज निम्मे आहेत, डीओ गेलाय" असं सांगितलंत तर तो डीओची तार सोबत घेऊन येतो, एक फेरी वाचते.

चहाटळ (९:५५)

आणि तो म्हणतो, "साहेब, आपण कुठल्या डिव्हिजनला?"

गुंडाळीवाला (१०:१०)

माळरानभाऊंची पहिली मोटर अशीच गेली असणार. चालू मोटरचा फेज गेला तरी ती थांबत नाही, दोन फेजवर रडत फिरते, आणि गेलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज बनवून परत पाठवते. त्यामुळं स्वस्तातला व्होल्टेज बघणारा प्रिव्हेंटर (फेज गेला की मोटर बंद करणारा) फसतो, त्याला वाटतं तिन्ही फेज हजर. करंट बघणारा घ्या. दोन-चारशे रुपये जास्त जातील.

रानवारा (सोमवार, सकाळी ८:००)

केबल बदलण्यापेक्षा कॅपॅसिटर लावला तर? कॅपॅसिटरनं व्होल्टेज वाढतं असं कृषी मेळाव्यात ऐकलंय.

तीनफेज (८:२५)

साडेसातला ३ केव्हीएआरचा (हे कॅपॅसिटरचं माप) लावतात. लावाच. पण या केबलची घट त्यानं जाणार नाही. लहान केबलमध्ये रोधच सगळा, रिअ‍ॅक्टन्स नगण्य. घट होते ती करंटच्या कामाच्या भागामुळे, आणि कॅपॅसिटर कमी करतो तो बिनकामाचा भाग. १२ चे १० अँपिअर होतील, विहिरीवरचं व्होल्टेज जेमतेम हलेल.

स्वाती उपकेंद्र (८:५०)

अर्धवट सहमत. घट हलणार नाही, पण उष्णता करंटच्या वर्गानं जाते. १४४ चे १०० झाले, म्हणजे केबलमधला तोटा तीस टक्के कमी. आणि ११ केव्हीच्या लाईनमध्ये नि डीपीत रिअ‍ॅक्टन्स भरपूर, तिथे सगळ्यांनी कॅपॅसिटर लावले तर व्होल्टेज खरंच उचलतं. अट एकच, कॅपॅसिटर विहिरीच्या टोकाला हवा. मीटरच्या पेटीत लावला तर केबलला त्याचा पत्ताही नसतो.

तीनफेज (८:५८)

मान्य. 'सगळ्यांनी' हा शब्द मात्र आपल्याकडे महाग पडतो.

ज्वारीची भाकरी (११:३०)

अर्थिंगचं कुणी बोललं नाही. आमच्या विहिरीच्या लोखंडी पाइपाला पावसाळ्यात हात लावला की हाताला मुंग्या येतात. वायरमन म्हणतो अर्थिंगला मीठ-कोळसा घाला.

निवृत्त अभियंता (दुपारी १२:१५)

आधी मोटर बंद करा, मग वाचा. मुंग्या म्हणजे केबलमधून किंवा मोटरमधून करंट गळतो आहे.

मीठ-कोळशानं अर्थिंगचा रोध उतरतो, जमीन ओली असेपर्यंत. पण समजा तो १० ओहम आहे आणि फेज पाइपाला पूर्ण लागला. २४० भागिले १०, म्हणजे २४ अँपिअर. वीसची एमसीबी यावर तासभरातही पडेलच असं नाही आणि तेवढा वेळ पाइपावर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज असेल. एमसीबी माणसासाठी नसते, तारेसाठी असते. माणसासाठी आरसीसीबी लागते, करंट जमिनीत गळू लागला की तोडणारी. घरात ३० मिलिअँपिअरची. विहिरीत ती ओल्या जॉइंटमुळे सारखी पडते आणि लोक वैतागून काढून टाकतात, म्हणून मी १०० ची सुचवतो, सोबत धड अर्थिंग. ०.१ अँपिअर गुणिले १० ओहम, पाइपावर एक व्होल्ट, तेवढ्यात ती तोडते.

माळरान (तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८:३०)

उशिराबद्दल क्षमस्व. दोन शनिवार गावी जाऊन आलो.

स्वातीताई, जॉइंट सापडला. बांधावरच्या बाभळीखाली. वडिलांना आठवलं की २०१९ ला ट्रॅक्टरच्या फाळानं केबल तुटली होती, तेव्हा घरात तांब्याची वायर पडून होती तिचा हातभर तुकडा मध्ये टाकून पीळ मारला आणि वर टेप. निळ्याची टेप वितळून काळा डांबराचा गोळा झाला होता, आतली अ‍ॅल्युमिनियमची तार पांढरी भुसभुशीत. चिमट्यानं धरली तर तुटली.

तीनफेज (८:४१)

तांबं-अ‍ॅल्युमिनियमचा पीळ! ओल लागली की अ‍ॅल्युमिनियम झिजतं, तापलं की जास्त फुगतं, थंड झालं की सैल पडतं. बायमेटल लग (दोन धातू जोडायचं खास टोक) घाला, नाहीतर जॉइंटच नको.

माळरान (९:०५)

जॉइंटच नको असं ठरलं. सोळाची अ‍ॅल्युमिनियम एकसंध टाकली, तीन फूट खोल चर खणून, वर वाळू आणि विटा. पंचविसाची घ्यायची माझी इच्छा होती, वडील म्हणाले पंचविसाचं लग्नात बघू.

आजचे आकडे. मीटरजवळ ३८०. विहिरीजवळ ३६१, ३६०, ३६१. करंट १२.३. मोटर एका दमात उचलते. वीसचीच एमसीबी ठेवलीये, पेटीवर पत्र्याची सावली केलीये, अजून एकदाही पडली नाही. स्टार्टर विहिरीवर हलवला, त्यात करंट बघणारा प्रिव्हेंटर आणि ३ केव्हीएआरचा कॅपॅसिटर. ओव्हरलोड रिले गुंडाळीवाले दादांच्या सांगण्यावरून १३ वर. १०० मिलिअँपिअरची आरसीसीबी मागवलीये, दुकानदार म्हणाला, "शेतात हे कोण लावतं?"

काका, नवीन केबलला टोकाचा शॉर्ट किती येईल?

निवृत्त अभियंता (९:४०)

१.१५ ओहम जायला, तितकाच यायला. ३८० भागिले २.३, १६५ अँपिअर. वीसच्या सी एमसीबीला हे आठपट. चुंबक ओढेलच अशी हमी दहापटीला असते, पण आठपटीला पट्टीसुद्धा काही सेकंदांत सोडते. पूर्वी ६९ अँपिअर होते, हे विसरू नका. वडिलांना माझा नमस्कार सांगा.

माळरान (९:५२)

सांगितला. ते आत्ता विहिरीवर आहेत, रात्रीची पाळी. जाताना ती जुनी सहाची केबल गुंडाळून गोठ्यात ठेवत होते. विचारलं कशाला, तर म्हणाले शेजारी मागतोय, त्याला पाचच्या मोटरला टाकायचीय.

चहाटळ (९:५४)

वास्तुदोषवाला?

माळरान (९:५५)

तोच. अंतर अडीच हजार फूट.

गुंडाळीवाला (९:५६)

पत्ता पाठवा भाऊ. :)